टेपचं दुसरं टोक

टोलेडो, नोव्हेंबर.
गॅरेजच्या फरशीवर दोन हाउसिंग आडवी.
एक फोर्डचं, नऊ इंची:
पोट पुढून उघडतं,
गिअरांचा गोळा अख्खा उचलून टेबलावर घ्यायचा.
दुसरं बारा बोल्टांचं.
त्याच्या पोटात हात घालायचा
तर गाडीखाली उताणं पडा
आणि गंधकासारखं वास मारणारं काळं तेल
बाहीतून काखेपर्यंत येऊ द्या.

"नऊ इंची थोडी ताकद खातं," एल्डन म्हणतो,
"पण तुटत नाही."
"मग ठरलं?" शेजारचा ब्रायस.

कुठलं ठरतंय.
शेव्हेलच्या खाली फोर्डचं हाड?
आर्डिथ दोन दिवस जेवली नसती.
तिच्या बापाने शेव्हीच्या कारखान्यात
तीस वर्षं उभ्याने काढली.

तो माप घेतो, फ्लँज ते फ्लँज.
टेपचं दुसरं टोक सुटतं,
सर्रकन परत येतं, बोटावर बसतं.
ब्रायस धरायला वाकतो.
"राहू दे."
टोकावर वीट ठेवतो.
पुन्हा सुटतं.

मग उगाच बोल्ट मोजतो. अकरा.
बारावा कॉफीच्या डब्यात सापडतो,
चिठ्ठीत गुंडाळलेला,
तिचं तिरकं अक्षर:
इथे ठेवलाय. शोधत बसू नकोस.

"धर रे," तो म्हणतो,
"ते टोक."