कपाळावरची खूण

हाप्सालूत फेब्रुवारी. खोली मी अठ्ठावीस अंशांवर नेऊन ठेवते,
स्वतः घामानं निथळते. बाळाला गार लागता कामा नये.

कायदी आली वोर्म्सी बेटावरून,
गोठलेल्या समुद्रावरच्या रस्त्यानं.
त्या रस्त्यावर सीटबेल्ट लावायला मनाई आहे,
बर्फ फुटलाच तर पटकन उडी टाकता यावी म्हणून.
आठ दिवसांची पोर तिनं कोटाच्या आत धरलेली.
"नवरा गाडी चालवत होता आणि मी बर्फ ऐकत होते," म्हणाली.

टोपली. मेंढीचं कातडं.
सासूनं विणलेली टोपी, तीन डोकी मावतील एवढी.
पोर तासभर झोपेना.
मग कातड्यावर शू केली आणि लगेच झोपली,
जणू तेवढंच एक काम उरलं होतं.

मी मूठ दुमडली, हनुवटी टेकवली,
श्वास धरून बटण दाबलं.

रात्री संगणकावर कायदीची चिठ्ठी वाचली:
सगळं पुसा.
नाकावरचे पांढरे ठिपके पुसले.
पायांची सुटलेली सालं पुसली.
एकवीस वर्षांचा हात, चहा निवायच्या आत होतं.
राहिली कपाळावरची लाल खूण,
भुवयांमधून वर फाटे फुटलेली.
पाचव्या रात्री कुणी येऊन काही लिहावं
आणि शाई वाळायच्या आत त्यावर बोट फिरावं, तशी.
रडली की गडद होते.
सुईण म्हणते, वर्षा-दीड वर्षात जाईल आपोआप.

म्हणजे मी नाही पुसली
तरी पुसली जाणारच आहे.

माझ्या राइगोला होती का अशी?
त्याचा त्या आठवड्यातला एकच फोटो आहे,
रोलच्या शेवटचा, अर्धा पांढरा पडलेला,
उरलेल्या अर्ध्यात दुपटं.
फोन करून त्यालाच विचारणार होते.
तो काय सांगणार! आता दाढी पिकलीय त्याची.

दोन प्रती काढल्या.
एक तिनं मागितलेली.
दुसरी, होती तशी,
पाकिटात खाली सरकवली. तिचे पैसे नाही लावले.

तोवर बर्फाला तडे गेले, रस्ता बंद झाला.
पाकीट फेरीबोटीनं गेलं.

एप्रिलात दोन ओळी आल्या:
वरचा फोटो सासूबाईंना दिला. टोपी छान दिसतेय म्हणाल्या.

खालच्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.