एकोणपन्नासावा सांधा

आमच्या आत-बाशीत म्हातारी माणसं सांगतात,
दर बारा वर्षांनी आयुष्याला एक सांधा येतो.
तेरा, पंचवीस, सदतीस, एकोणपन्नास.
आणि सांध्यात वारा शिरतो.
अशा वाढदिवसाला अंगावरचं काहीतरी देऊन टाकायचं,
आणि देऊन निघताना मागे वळून पाहायचं नाही.

सदतिसाव्याला मी माझा लाल रुमाल
शेजारच्या कनिशायला दिला.
त्याच हिवाळ्यात दोलोनच्या घाटात
तिच्या नवऱ्याचा ट्रक घसरला.
ती काही बोलली नाही.
मीही काही विचारलं नाही.
पाटाच्या पाण्यावरून मात्र बारा वर्षं भांडलो,
तुझ्या बटाट्यांना जास्त, माझ्या कांद्यांना कमी,
फावडी हातात घेऊन, भल्या पहाटे.

या वेळी ठरवलं, अंगावरचं द्यायचं नाही.
नवं करायचं,
ज्याला माझा वास नाही असं.

ऑगस्टपासून बसले.
करड्या मेंढीची लोकर, कढत पाणी, साबणाचा चुरा,
तळव्यांमध्ये गोल गोल गोल.
आधी नुसता ढग,
मग भिजलेलं पाखराचं पिल्लू,
मग एकदम, नेमकं कधी ते आजवर कळलं नाही,
मणी.
लोकर अशीच. छळ केला की घट्ट होते.
"आत्या, तुझ्यासारखीच," एर्मेक म्हणाला,
आणि चहाचा वाडगा घेऊन लांब जाऊन बसला.

पिवळा रंग कांद्याच्या सालींचा,
लाल मंजिष्ठेच्या मुळांचा, दोनदा उकळलेला.
निळा बाजारातल्या पुडीतला,
खोटं कशाला बोलू.

आज सकाळी बोर्सोक तळले,
परातीत पसरून त्यांवर दागिने मांडले
आणि दार उघडं टाकलं.
पोस्टातली झामाल पिवळी कानातली घालून
तशीच तिकिटांच्या खिडकीत जाऊन बसली.
दवाखान्यातल्या बुरुलबाईंनी सगळ्यांत जाड ब्रोच उचलला,
डावीकडे लावला, जिथे आता स्तन नाही.
आरशात पाहून म्हणाल्या, "फुगीर आहे, बरं झालं,"
आणि तीन बोर्सोक खाल्ले.
गुराख्याच्या पोराने अंगठी मागितली.
पुरुष असलं घालत नाहीत, कुणीतरी हसलं.
त्याने ती बोकडाच्या शिंगात अडकवली.
दुपारभर तो बोकड
गल्लीतून नवरदेवासारखा फिरत होता.

संध्याकाळी परातीत एकच हार उरला.
उरला कसला, मीच झाकून ठेवला होता.
एकोणपन्नास मणी, सगळे लाल.

पाट ओलांडला.
कनिशाय गाईखाली बसलेली.
मी घाईघाईने बोलून टाकलं,
"हा नवा आहे. कधीच घातलेला नाही. आईची शपथ."
तिने हात पुसले, हार नाकाशी धरला.
बराच वेळ.
"साबण," ती म्हणाली. "आणि तू."

ऐंशी दिवसांचा तळव्यांचा घाम,
तो कुठे गेला असेल याचा
मी विचारच केला नव्हता.

ती आत गेली. पेटीचं झाकण वाजलं.
माझा लाल रुमाल घेऊन आली,
घड्या माझ्याच, मी घातल्या होत्या तशाच.
"एकदाही बांधला नाही.
ट्रक घसरला तेव्हाही हा पेटीतच होता.
तुला सांगायला निघालेच होते त्या वसंतात,
तर तू पाणी वळवलेलंस."

गाय हंबरली. बादली अर्धी होती.
तिने हार गळ्यात घातला, लोकरी कोटावरून,
वेडावाकडा,
आणि माझी परात रिकामी परत जाऊ नये म्हणून
तीत रुमाल ठेवला, वर थोडं लोणी.

पाटापाशी येऊन मी मागे वळून पाहिलं.
ती पुन्हा गाईखाली बसली होती,
मणी दुधाच्या धारेबरोबर हलत होते.
"उद्याची पाण्याची पाळी माझी," ती तिथूनच ओरडली,
"लक्षात ठेव!"