उपस्थिती: चौदा

मुख्यालयाचा फॉर्म मे महिन्यात येतो.
रकाने सात. प्रत्येकात दीडशे अक्षरांची जागा.
ऑनर सोसायटीची सचिव मी, तेव्हा भरायचाही मीच,
ग्रंथालयाच्या तळघरात, त्या हीटरशेजारी
जो बंद करायचं अजून कुणाला आठवलेलं नाही.

सप्टेंबर. माहितीसभा.
पिझ्झे आठ, माणसं पाच.
उरलेले पिझ्झे ऑर्विनने वसतिगृहाच्या जिन्यात वाटले,
परतताना दोन नवी नावं घेऊन आला.

ऑक्टोबर. महामार्गाची सफाई, दोन मैल.
साखरबिटांचे ट्रक वळणावर कलतात,
बिटं घरंगळत गवतात येतात, मुंडक्यांसारखी.
सापडलं ते: एका पायाचा बूट, बाटल्या,
न उघडलेली एक लग्नपत्रिका.
ती ऑर्विनने टपालपेटीत टाकली.

नोव्हेंबर. सोल्वेगच्या वडिलांनी लाटून पाठवलेला लेफ्सा,
बटाट्याच्या पोळ्या, कागदासारख्या पातळ.
जमा: एकशे बारा डॉलर.
(दोन पोळ्या मी खाल्ल्या. त्या हिशेबात नाहीत.)

जानेवारी. उणे एकतीस.
गुणपत्रकं आली.
किमान सरासरी तीन पॉइंट पाच,
ऑर्विन हॉगन, तीन पॉइंट अठ्ठेचाळीस.
त्या सत्रात तो रात्रभर बर्फ उपसायचा ट्रक चालवत होता,
आम्ही सकाळी वर्गात पोचायचो ते त्याच रस्त्यांवरून.
पत्र मी लिहिलं. 'कळवण्यास खेद होतो.'
कर्ता नसलेलं वाक्य बरं असतं,
कुणा एकीवर येत नाही.

फेब्रुवारी. रक्तदान.
तो आला, बाही वर करून बसला.
म्हणाला, रक्ताची सरासरी विचारत नाहीत ना?
सगळे हसले. मी रजिस्टरमध्ये पाहत होते.

मार्च. शाळेतल्या मुलांना गणित.
चौथीतल्या नदीफाला त्याने विचारलं,
तीन पॉइंट पाच मोठे, की तीन पॉइंट अठ्ठेचाळीस?
ती लगेच म्हणाली, अठ्ठेचाळीस! पाच केवढेसे!
तिची चूक त्याने दुरुस्त केली,
शांतपणे, दहा-दहाचे ठोकळे मांडून,
आणि मग माझ्याकडे बघून,
हिला मुख्यालयात पाठवा.

एप्रिल. आमची नदी उत्तरेला वाहते.
दक्षिणेत बर्फ आधी वितळतो,
पाणी निघतं, आणि पुढे तिचं तोंड अजून गोठलेलं.
दीक्षासमारंभाच्या रात्री
बॅटरीच्या मेणबत्त्या लावून झाल्या होत्या
(खऱ्या ज्योतीला अग्निशमन दलाची मनाई),
सहीची जाड वही उघडली होती,
आणि भोंगा वाजला.

इस्त्रीच्या कपड्यांत आम्ही वाळूच्या गोदामात गेलो.
ऑर्विन तिथे दुपारी चारपासून होता.
भुवया वाळूने पांढऱ्या.
गच्च भरू नका, म्हणाला,
गच्च पोती एकमेकांना धरत नाहीत,
पाणी मधूनच येतं.

साडेतीनला डॉ. व्हँडरस्टीननी
गमबूट घालून, फावड्याला टेकून शपथ वाचली.
ज्ञान, सेवा, सचोटी.
नवे सभासद सहा. आवाज सात ऐकू आले.
कुणी मान वळवली नाही,
पोतं हातात असताना वळवता येत नाही.

बांध टिकला. पलीकडच्या शेतांचं सांगत नाही.

रकाना सहावा. उपस्थिती.
खाली बारीक अक्षरात: दशांश चिन्ह वापरू नये.
पंधरा लिहिलं. चौकट लाल झाली,
सभासदसंख्येशी जुळत नाही.
पुन्हा पंधरा. पुन्हा लाल.
चौदा.

रकाना सातवा. इतर.
'ऑर्विन हॉगन. पोतं अर्धंच भरावं,
तोंड बांधू नये, दुमडून खाली दाबावं,
म्हणजे दोन पोत्यांत फट राहत नाही.
हे आम्हांला त्याने शिकवलं, आणि आम्ही त्याला जानेवा