ओली पाटी

डिसेंबरातला शेवटचा गुरुवार.
चॅपलच्या मागची खोली, नुसताच खोकणारा हीटर,
आणि ओल्या मोज्यांतली नऊ मुलं.
जिल्हा कचेरीतून कागद आलाय:
'मुलांना सरत्या वर्षाकडे मागे वळून पाहायला लावा.'
खाली पाच प्रश्न,
प्रत्येकाशेजारी एक हसरा चेहरा.

मी पहिला वाचला. या वर्षी तुम्ही काय शिकलात?
मॅक्सेन खरोखरच मागे वळला
आणि भिंतीकडे बघत बसला.
"काहीच नाही," हेलेड म्हणाली, सगळ्यांच्या वतीने.

कागदाची घडी घालून
मी लंगड्या टेबलाच्या पायाखाली सारली.
वर्षभरात पहिल्यांदाच ते टेबल डुगडुगलं नाही.

उन्हाळ्यात चॅपलचं छप्पर उतरवलं,
तेव्हापासून फुटक्या पाट्यांचा ढीग दाराशी पडून होता.
या गावानं डोंगर चिरून
कुठकुठल्या शहरांची घरं शाकारली,
आणि त्याच धुळीनं माझ्या आजोबांची छाती भरली.
पाटी कोरी असते, असं आमच्यात कुणी म्हणत नाही.
तिच्यात आधीपासूनच डोंगर असतो.

प्रत्येकाला एक तुकडा दिला, एक खडू.
म्हटलं, काढा काहीही, या वर्षातलं.
चुकलं तर थुंकी आहेच.
थुंकी म्हटल्याबरोबर सगळ्यांची भीड चेपली.

मॅक्सेननं दात काढला, मुळासकट,
शेजारी एक पौंडाचं नाणं, दाताहून लहान.
हेलेडनं कुत्रीचं नाव लिहिलं,
नावाभोवती कुंपण, कुंपणाला फाटक,
फाटक उघडं.
मी काही विचारलं नाही.
टेगिडनं बारा रेघा ओढल्या.
त्याचा बाप समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करतो,
तो घरी असलेल्या महिन्यांच्या रेघा जाड.
जाड तीनच होत्या.
तिसरी तो गिरवत राहिला, खडू मोडेपर्यंत.
जुळ्या बहिणी एका तुकड्यावरून भांडल्या
आणि मग दोघींनी मिळून
ते भांडणच काढलं, झिंज्यांसकट.

फक्त नोन. सहा वर्षांची.
लिहायची, थुंकायची, बाहीनं पुसायची,
पुन्हा लिहायची, हाताचा आडोसा करून.
शेवटी काळीभोर ओली पाटी माझ्यापुढे धरली.
"हे काय, काहीच नाही?"
"लिहून झालं," ती म्हणाली,
जशी मोठी माणसं म्हणतात, जेवून झालं.

"आणि तू?" टेगिडनं विचारलं.
मी? मी बस चालवते, गुरुवारी तुम्हाला सांभाळते.
पण नऊ जणं थांबली होती,
आणि माझ्या हाताला खडूची सवय राहिली नव्हती.
मी एक टेबल काढलं, चार पायांचं.
"मार्चमध्ये विकलं," म्हटलं. "एकटीला मोठं होत होतं."
"मग जेवतेस कुठे?"
"खिडकीशी. उभ्यानं."
जरा वेळ कुणीच बोललं नाही.
मग टेगिड म्हणाला, आमच्याकडे सोमवारी मासे असतात,
बाबाची खुर्ची रिकामी असते,
फक्त ती मागे रेलू नकोस, पडशील.

साडेसातला गाड्या आल्या.
दात गेला, फाटक गेलं, बारा महिने
एका काखेत मारून गेले.
कचेरीला काय कळवायचं, या विचारात मी झाडू मारत होते,
तर हीटरवर नोनची पाटी, विसरलेली.

पाटी वाळली की पुसलेलं वर येतं.
हे आमच्या गावात शाळेआधी कळतं;
तिलाही कळेल, कदाचित कळलंही असेल.
करड्या पाटीवर, एकावर एक,
अक्षरं उमटत होती, धुक्यासारखी.
'आई' वाचता आलं. मग 'परत'.
त्यापुढे 'अजून'...

मी पाटी पालथी केली,
तिचं नाव लिहून कपाटात वरच्या फळीवर ठेवली,
दिवा मालवला,
आणि मग पुन्हा लावून पाहिलं,
फळी तिच्या हाताला पोचेल ना.

खालच्या फळीवर ठेवली.