माघारीण

पहिला रकाना : उगम.
येऊरच्या अंगाला, उंबराच्या मुळाशी
कातळाला बोटभर चीर आहे.
लाडक्या सांबर तिथे कर्दळीचं पान लावतो
पन्हळीसारखं दुमडून,
मी पानाच्या टोकाखाली लिटरची बाटली धरते.
त्रेचाळीस सेकंद.
नोव्हेंबर संपत आलाय. मार्चात, तो म्हणतो,
बाटली भरेस्तोवर एक बिडी ओढून होते.
मी त्रेचाळीस लिहिते. बिडीला रकाना नाही.

लांबी : पाच किलोमीटर सहाशे.
एवढ्याशा लांबीला आमच्याकडे कुणी नदी म्हणत नाही,
फायलीत ती नाला क्रमांक सात.

उतार : पहिल्या दीड किलोमीटरात
एकशे नव्वद मीटर खाली येते,
दगडावरून दगडावर, कुड्याच्या सावलीतून,
पुढच्या चारांत फक्त अकरा.

उपनद्या : दोन.
डावीकडून धोबीघाटाचा ओहोळ.
उजवीकडून अठरा इंची पाईप,
त्याला रोज सकाळी सातला पूर येतो
आणि दहाला ओसरतो,
माणसं कामाला गेली की.

मग घोडबंदर रोड, मग टॉवर,
आणि टॉवरच्या पार्किंगखाली ती शिरते.
नकाशावर तीनशे ऐंशी मीटर तुटक रेघ.
इथे वेग मोजायला आम्ही मोसंबी सोडतो.
मोसंबी अर्धी बुडते, वाऱ्याला भुलत नाही,
आणि सापडली नाही तर साहेब भरपाई मागत नाहीत.
अकरा चाळीस. मी या तोंडाशी,
त्या तोंडाशी तन्वीर, हातात घड्याळ.
हिशेबाने वीस मिनिटं.
बारा. साडेबारा.
फोनवर तन्वीर म्हणतो, एक चप्पल आली मॅडम,
चपलेचा वेग लिहू का?
उरलेली दोन मोसंबी आम्ही जेवणानंतर खाल्ली.

मुख.
इथे रकाना एका ओळीचा आहे आणि मला पान हवंय.
ओहोटीला ही नदी संपते कोळीवाड्याच्या धक्क्यापाशी,
तिवरांची मुळं उघडी पडतात तिथे.
भरतीला ती संपते थेट पार्किंगपाशी.
मधले चौदाशे मीटर
दिवसातून दोनदा नदीचे, दोनदा खाडीचे.
यंत्र बुडवते. आकडा चढतो, चढतच राहतो,
गोडं कुठे थांबलं ते यंत्र सांगत नाही.

पोशीबाय चिखलातून निवट्या काढत होती,
कोपरापर्यंत हात आत.
काय मोजतेस गो?
म्हटलं, नाला. कुठे संपतो ते.
ती हसली नाही, हात काढला,
निवटी टोपलीत टाकली, मग म्हणाली,
नाला तुजे कागदाव.
तिचा नाव माघारीण.
जाते नी परत येते, जाते नी परत येते,
खाडीकडं दिलेली पोर ती,
डोंगराला इसरली नाय.
लिव.

लिहायला पेन काढलं,
तर पेनावर चिखल.

सहा वाजता सामान उचलायला वरच्या तोंडाशी आलो.
भरती लागली होती.
पाणी काळं, जाड, आणि हलत होतं
आपण ज्या दिशेला नदी म्हणतो तिच्या उलट.
तन्वीरने बॅटरी मारली.
अंधारातून, पार्किंगच्या पोटातून,
अगदी सावकाश, वळसे घेत,
मोसंबी माझ्या पायाशी येऊन थांबली.
साल काळवंडलेली, देठाशी थोडी पिवळी.

वेग : अंतर भागिले वेळ.
अंतर शून्य. वेळ सहा तास पंचवीस मिनिटं.
किती टिंबं द्यायची शून्यानंतर?

तन्वीर म्हणाला, उद्या पुन्हा घेऊ, ओहोटी बघून.
हो म्हटलं.
मोसंबी पिशवीत टाकली, का ते माहीत नाही,
घरी येईपर्यंत रिक्षात खाडीचा वास.

फॉर्म अजून माझ्याकडेच आहे.
वेग कोरा, मुख कोरं.
वर, क्रमांक सातच्या शेजारी,
पेन्सिलीने, साहेबांना पुसता येईल इतक्या हलक्या हाताने,
एकच शब्द.