कोरे फुगे

शहापुरात, कोरे गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही दोघं जपानी पोरांची तोंडं पुसायचो.
तोंडं नव्हे, तोंडाशेजारचे फुगे.
शिवानंद एकेक उभं अक्षर खोडायचा
आणि अक्षराखाली झाकलेली बाही, रेलिंग, बर्फ
अंदाजानं पुन्हा काढायचा.
एका पानाला दीड तास.

मग तोच कोरा फुगा
माझ्याकडं मराठीला, त्याच्याकडं कन्नडला.
‘तुझी वाक्यं लांब होऊलाल्यात बघ, मावंनात.’
‘तुझी अक्षरंच गोल. फुग्यात बसणारच की.’
जपानीत म्हणे शांततेलाही आवाज असतो.
त्याला काय लिहायचं यावर तीन रात्री भांडलो.
मी ‘सामसूम’ लिहिलं.
त्यानं तो कोपरा तसाच सोडला.
त्याचंच बरोबर होतं,
पण हे अजून त्याला सांगितलेलं नाही.

नोटीस इंग्रजीत आली.
दोघांना एकच, खाली टोकियोचा पत्ता,
सात दिवसांत सगळं काढून टाका.

बाबा पाट्या रंगवतात.
नियम बदलला की वरची ओळ खाली, खालची बारीक,
कधी आख्खी पाटी पांढरी करून पहिल्यापासून.
त्यांनी कागद लांब धरून विचारलं, कुठल्या भाषेत हाय?
इंग्रजीत.
‘मग बरं. कुणाला राग यायला नको.’
थोड्या वेळानं ब्रश रॉकेलमध्ये बुडवत म्हणाले,
‘ज्याची पाटी त्यानं सांगितलं तर पुसावंच लागतंय.’

ते काही खोटं नाही.
तिकडं तोही कुणी रात्रभर वाकून बर्फ काढत असेल,
त्याची मान दुखत असेल शिवानंदसारखी.
पण मराठीत विकत मागायला गेलो
तर दुकानदार खडूची पेटी पुढं करतो.

सहाव्या दिवशी पुसलं. तेरा भाग.
पुसायची सवय होती, वेळ लागला नाही.

चौदाव्याचं नववं पान तेवढं राहिलंय.
पुलावर तो पोरगा उभा, तोंड उघडं,
फुगा स्वच्छ.

कुद्रेमनीची रेणू, नववीतली, फोन करते,
दादा, तो भावाला काय म्हणतोय?
मी खिडकी लावून घेतो,
आवाज खाली आणतो,
आणि सांगायला लागतो.