शनिवारची यादी

गुरुवारी तपासणी समिती येणार होती.
लोधीपुऱ्यातल्या आमच्या शाळेला
स्वच्छतेचा आणखी एक तारा हवा होता,
इंदूरला आहेत तसे.

स्टाफरूममध्ये पोहे आले, शेवेसकट,
जिरावणाची पुडी हातोहात फिरली.
मुजुमदार सरांनी विषय काढला:
मागच्या अंगणाची सफाई,
मुलांकडून, शनिवारी,
नेहमीप्रमाणे.

मी वही उघडली.
मला फक्त तारीख बघायची होती.

पायल घावरी. रितिक पथरोड.
मुस्कान कल्याणे. परत पायल.
जुलै, ऑगस्ट, दिवाळीनंतरचे सगळे शनिवार.
सबनीस, उष्टे, खासगीवाले यांची नावं
दुसऱ्या वहीत,
स्वागतगीताच्या, पाहुण्यांना गुच्छ देण्याच्या.

म्हटलं, सर, एक विचारू?
(असं विचारून विचारलेलं
कुणालाच आवडत नाही,
एकोणीस वर्षांच्या नोकरीत एवढं कळलंय.)
झाडू दरवेळी याच मुलांच्या हातात का?

चमचे थांबले.
आमच्या पंख्याला आवाज आहे, हे त्या दिवशी समजलं.
उपाध्ये बाई म्हणाल्या,
अगं, त्यांना सवय असते ना,
आणि मग स्वतःच्याच वाक्याकडे
अशा बघत राहिल्या
जसा पानात केस निघावा.

सर म्हणाले, आपल्या शाळेत जातपात नाही.
मी म्हटलं, मग यादीत कुठून आली?

आणि वही त्यांच्यापुढे सरकवताना दिसलं,
अक्षर माझं.
रितिकची ती उंच, ओळीबाहेर गेलेली वेलांटी.
सात महिने मीच लिहीत होते
मागच्या यादीवरून नवी यादी,
डोळे मिटून नव्हे,
चष्मा लावून.

हे सांगावं की नाही,
पोह्याचा एक घास गिळायला लागतो
तेवढाच वेळ होता.
सांगितलं.
तेव्हा कुठे सगळे खरे चुळबुळले.
माझ्या चुकीत जागा पुष्कळ होती,
प्रत्येकाला बसता येईल एवढी.

पुढचं साधं आहे.
यादी आता हजेरीपटाच्या क्रमाने लागते,
सरांच्या पुतण्यासकट.
दोन पालक येऊन गेले,
एकांचा फोन थेट संस्थेच्या सचिवांना.
मधल्या सुट्टीत माझा चहा
कुणी बशीने झाकून ठेवत नाही.
नववी ब काढून मला ग्रंथालय दिलंय,
तिथल्या मोठ्या कपाटाची किल्ली
कुणालाच माहीत नाही.

पायलने पंधरा दिवस
माझ्याकडे पाहिलं नाही.
मला वाटलं होतं...
जाऊ दे, काय वाटलं होतं ते.

एका सकाळी प्रार्थनेआधी
ती ग्रंथालयाच्या दारात येऊन उभी राहिली,
दप्तराचा पट्टा घट्ट धरून.
म्हणाली, माझी आई कचऱ्याच्या गाडीवर जाते
हे आधी कुणी बोलत नव्हतं.
आता वर्गात तेच बोलतात.

मी म्हटलं, चुकलंच.
तुला आधी विचारायला हवं होतं.
ती म्हणाली, हो.

बाहेर गल्लीतून गाडी गेली,
रोजचं गाणं वाजवत,
ओला कचरा, सुका कचरा.
तिने मान वळवली नाही.
मीही नाही.

मग हळूच, जमिनीकडे बघत:
झाडू मलाही नको होता, बाई.
पण पुढच्या वेळी
मला विचारून बोला.

घंटा झाली, ती धावत गेली.
मी कपाटाशी उभी,
किल्ली नसलेल्या कुलपावर हात ठेवून.
पुढच्या वेळी, म्हणाली ती.
पुढची वेळ येणार,
हे तिने धरूनच ठेवलं होतं.